डोक्यावर दोन बोटं

“मनुष्यप्राण्याने आजवर जे जे म्हणून घडवले, मग ते पूल असोत, राजवाडे असोत, राज्यघटना असोत की विवाहसंस्था, त्या सर्वांमध्ये होडी ही एकच वस्तू अशी आहे की जिला खोटे बोलता येत नाही.” हे वाक्य त्यानं न्हाणीघरातल्या फरशांना उद्देशून, डोळ्यांत साबण असताना, एक हात वर करून उच्चारलं आणि फरशांना ते पटल्यासारखं वाटलं. पुढचं वाक्य याहून भारी होतं. पण तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि बायकोनं बाहेरून विचारलं, अंघोळ चाललीय की सभा? सभा असेल तर नळ बंद केला तरी चालेल, टाकी संपत आलीय. त्यानं नळ बंद केला. होडीच्या प्रामाणिकपणाचा उरलेला भाग टॉवेलात कुडकुडत मनातल्या मनात पुरा झाला.

दुपारी त्याचा सत्कार होता. तो होड्यांचे आराखडे काढणारा, आता निवृत्त. निवृत्त म्हणजे पेन्सिली तासणं चालू होतं, आराखडे तेवढे थांबले होते. उभ्या आयुष्यात त्यानं पुष्कळ होड्या कागदावर काढल्या, मासेमारीच्या, गाळ उपसायच्या, बंदरातल्या साहेबांनी मिरवायच्या. पण लोकांच्या लक्षात राहिली ती एकच, ‘टिटवी’. फायबरग्लासची, शिडाची, आटोपशीर, सुटीच्या दिवशी हौसेनं समुद्रावर जाणाऱ्यांसाठी. पोटाखाली कील, म्हणजे पाण्यात उतरलेलं ओतीव लोखंडाचं जड पातं. होडी वाऱ्यानं कितीही कलली तरी हे लोखंड तिला पुन्हा उभी करतं. आत दोन माणसांना झोपता येईल एवढी केबिन. आणि या केबिनचं छप्पर इतकं ठेंगणं, इतकं लांबवर निमुळतं होत गेलेलं, की काठावरून पाहणाऱ्याला होडी समुद्रावर बसलीय असं न वाटता समुद्रानंच ती जराशी वर उचललीय असं वाटे. त्या छपराच्या रेषेवर त्याचं नाव झालं. मागच्या एका सत्कारात भावनेच्या भरात तो म्हणाला होता की माझी पत्नी हीच माझ्या आयुष्याची कील. टाळ्या पडल्या. घरी परतताना ती एवढंच म्हणाली, “म्हणजे मी जड, आणि पाण्याखाली.” तेव्हापासून त्यानं ते वाक्य भाषणातून काढून टाकलं होतं, पण हळहळ राहिली होती, कारण वाक्य चांगलं होतं.

तर त्या सकाळी, चहा पिता पिता, त्यानं तिला कार्यक्रम समजावून सांगितला. आधी भाषणं, मग खाणं, मग धक्क्याला बांधलेल्या जुन्या टिटवीतून दोघांना एक फेरी, असा टिटवी-मालकांच्या मंडळाचा बेत होता. तुला समुद्र लागतो, तेव्हा तू काठावर बस, मी आलोच, असंही त्यानं उदार मनानं सांगितलं. ती त्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. कॉलर उलटी करून तिच्यावर पाण्याचे शिंतोडे मारत ती म्हणाली, “येईन की. बाहेर बसेन. आत मला उभं कुठं राहता येतं.” आणि इस्त्रीच्या वायरीला पडलेला पीळ सोडवू लागली.

इतकंच. सुरात कुरकुर नव्हती, टोमणा नव्हता. बाहेर ऊन आहे असं एखादीनं म्हणावं तसं ती म्हणून गेली. त्यानं कप बशीत ठेवला, तो नीट बसला नाही, कलंडला. आत मला उभं कुठं राहता येतं. तिला आत उभं राहता येतं हे त्याच्या आयुष्यातल्या पायाभूत सत्यांपैकी एक होतं. ते मोजून सिद्ध झालेलं होतं, साक्षीदारांसमक्ष, टाळ्यांच्या गजरात. त्या सत्यावर एक होडी उभी होती, त्या होडीवर एक साचा, त्या साच्यावर शेकडो होड्या, आणि या सगळ्या उतरंडीच्या टोकावर आज दुपारी त्याला शाल आणि मानचिन्ह मिळायचं होतं. त्यानं सदरा घातला. कॉलर गरम होती. मानेला ती ऊब लागत राहिली आणि तिच्याबरोबर ते वाक्यही.

बसमध्ये तिला खिडकी देऊन तो शेजारी बसला आणि मनात हिशेब मांडू लागला. राळ सुकताना आकसते, हे खरं. काचेच्या धाग्यांच्या चटया साच्यात अंथरायच्या, त्यांत राळ जिरवायची, रूळ फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. मग सगळा माल घट्ट होताना किंचित अंग चोरतो. पण किती, तर केसभर. केसभरानं बाई मावेनाशी होत नाही. मग तिची उंची वाढली असेल? या वयात माणसं खाली येतात, वर जात नाहीत. तो स्वतः या बाबतीत फार नियमित होता. टाचांच्या चपला? तिनं उभ्या जन्मात टाचेची चप्पल घातली नव्हती. का घातली नव्हती, हा प्रश्न त्याला बसच्या एका गचक्याबरोबर पहिल्यांदाच पडला आणि पुढच्या गचक्याला त्यानं तो झटकून टाकला. खिडकीच्या काचेत दोघांची डोकी शेजारी शेजारी दिसत होती, अगदी एका रेषेत. बसल्यावर ती दोघं सारखी होत. तिची उंची सगळी पायांत होती.

बसलेली असतानाच तर त्यानं तिला पाहिलं होतं. वाचनालयात, पुस्तकांच्या देवघेवीच्या खिडकीमागे. तिचे केस, तिचे हात, शिक्का मारताना ओठ आवळून धरायची सवय, हे सगळं त्यानं टेबलाच्या वरच्या भागात राहून अनेक आठवडे अभ्यासलं आणि शेवटी समुद्री वाऱ्यांवरचं एक जाडजूड पुस्तक परत करता करता तिला लग्नाचं विचारून टाकलं. ती हो म्हणाली. मग त्याच्यासाठी वरच्या फळीवरचं दुसरं पुस्तक काढायला ती उठली, आणि उठतच राहिली. तो वर बघत राहिला. पाऊण वीत, कदाचित जास्त. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर काय आलं असेल ते त्याला दिसण्याचं कारण नव्हतं. तिला मात्र दिसलं. तेव्हापासून रस्त्यानं जाताना फूटपाथवर तो आणि खाली रस्त्यावर ती, अशी चाल पडली. त्याला वाटे तिला रस्ता आवडतो. फोटो काढायच्या वेळी ती आपण होऊन खुर्चीत बसे आणि तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून जहाजाच्या कप्तानासारखा उभा राही. भिंतीवर असे बरेच कप्तान होते.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली ती शेड त्याला अजून वासासकट आठवते. बर्फाच्या कारखान्यामागे, पत्र्याची. राळेचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास. आजही कुणी नखं रंगवायची बाटली उघडली की त्याला एकदम तरुण आणि हटवादी झाल्यासारखं वाटतं. हवेत काचेची कुसळं उडायची, कातडीत शिरायची, रात्रभर अंग खाजायचं. म्हणून शेडमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकानं दाराशी टांगलेला खाकी डगला अंगात घालायचा, मग तो मालक असो की पोस्टमन. डगले सगळे एकाच मापाचे, पोटरीपर्यंत येणारे. भागीदाराला सगळे भोपळा म्हणत, कारण तो तसा होता. सुतार वयानं वाकलेला. आणि तो स्वतः. थोडक्यात, शेडमध्ये उंच असं काही नव्हतंच, पत्रा सोडला तर. साचा बनवण्याआधी केबिनचा प्लायवुडचा सांगाडा उभा केला होता, आत शिरून बघायला. कारण एकदा साचा झाला की झालं. मूळ नमुन्यावर नखाचा ओरखडा राहिला तर तो साच्यात उतरतो आणि साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक होडीवर, जग बुडेपर्यंत, तोच ओरखडा तिथंच उमटतो. म्हणून भोपळा त्या सांगाड्याभोवती घिरट्या घालत रोज तीच कटकट करायचा. छप्पर ठेंगणं आहे. माणसाला आत उभं राहता आलं पाहिजे. तो सांगाड्यात उभा राहून दाखवी, डोक्यावर हात आडवा ठेवून दाखवी, हे बघ, दोन बोटं जागा आहे. भोपळा म्हणे, “तू तुझ्या मापानं जग मोजतोयस. गिऱ्हाइकं काय तुझ्या उंचीची बघून आणू?” यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं, की छप्पर उचललं तर टिटवी राहणार नाही, खोका होईल. भांडण पार विकोपाला गेलं होतं. भागीदारी मोडायची वेळ आली होती. त्याला रात्री झोपेत ती रेषा दिसायची आणि कुणीतरी खालून टेकू लावून ती वर ढकलतंय असं वाटायचं.

आणि अशात एका संध्याकाळी ती त्याला न्यायला शेडवर आली. सिनेमाला जायचं होतं. दाराशी तिनं डगला चढवला आणि बाजूला उभी राहिली. भोपळ्यानं तिला पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि त्याचे डोळे चमकले. म्हणाला, “वहिनी, या जरा इकडे. तुमच्या नवऱ्याची चूक काढायचीय, त्या कामाला तुमच्याइतकं लायक माणूस नाही.” ती हसली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग दारातून वाकून आत शिरली, पाठमोरीच सरळ झाली, वळली आणि उभी राहिली. भोपळ्यानं प्लायवुडच्या खिडकीतून हात घातला, तिचं डोकं आणि छप्पर यांच्यामध्ये बोटं सरकवली आणि थोड्या वेळानं, हार मानणाऱ्याच्या मोठ्या मनानं, म्हणाला, “दोन बोटं. वहिनींच्याही डोक्यावर दोन बोटं आहेत. संपला विषय.” सुतारानं रंधा बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. ती बाहेर आली तेव्हा तो आणि भोपळा एकमेकांना मिठी मारत होते; भोपळ्याला मिठी मारणं म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबणं असे, पण मारली. सिनेमा राहिलाच. ही हकिगत त्यानं पुढं आयुष्यभर सांगितली. भाषणांतून, मुलाखतींतून, लग्नाच्या पंगतींतून. माझ्या उंच बायकोला पुरली ती केबिन तुम्हाला का पुरू नये?

सत्काराला मंडप होता आणि वारा होता, त्यामुळे मंडप सारखा समुद्रावर जायला बघत होता. अध्यक्ष हे निवृत्त दातांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांना आ करायला लावल्यावर आता त्यांना लोकांनी वाकावं असं वाटू लागलं असावं, कारण त्यांचं सगळं भाषण नम्रतेवर होतं. ते म्हणाले, टिटवीच्या केबिनमध्ये ताठ मानेनं कुणालाच जाता येत नाही. आम्ही सगळे टिटवीवाले पहिल्याच दिवशी छपराला कपाळ आपटून घेतो. ते टेंगूळ म्हणजे आमच्या मंडळाचं सभासदत्व. समुद्रापुढे मनुष्य नम्र व्हावा हाच आराखडा काढणाऱ्याचा थोर हेतू होता. श्रोत्यांतल्या उंच माणसांनी आपापल्या कपाळांवरून प्रेमानं हात फिरवला. तो व्यासपीठावर बसल्या बसल्या खालच्या खुर्च्यांकडे बघत होता. म्हणजे हे सगळे आपटतात. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. की सांगितलं होतं आणि त्यानं विनोद म्हणून ऐकलं होतं? पहिल्या रांगेत ती बसली होती, मांडीवर त्याचा चष्म्याचा डबा सांभाळत. त्याची पाळी आली. तो उठला, माईक खाली करून घ्यायला थोडा वेळ लागला, मग म्हणाला, “होडी ही एकच वस्तू अशी आहे की जिला खोटे बोलता येत नाही.” आणि थांबला. पुढचं भारी वाक्य समोर तयार होतं. पण पहिल्या रांगेतून ती त्याच्याकडे बघत होती, कौतुकानं, आणि त्या कौतुकात तिळभरही वावगं नव्हतं, म्हणूनच तो चालू शकला नाही. आभारी आहे म्हणून खाली बसला. लोकांना ही नम्रतेची परिसीमा वाटली. टाळ्या थांबेनात.

फेरीसाठी होडी सोडायला भोपळ्याचा मुलगा आला होता. भोपळा जाऊन बरीच वर्षं झाली. आता कारखाना याचा. गुणी मुलगा, हसतमुख, बापापेक्षा अर्धा. टिटवी पुन्हा बाजारात आणायची असं त्यानं ठरवलं होतं आणि दोघांना हात देऊन होडीत उतरवता उतरवता तो म्हणाला, काका, एखादा बदल सुचवायचा असला तर आजच सांगा, पुढच्या महिन्यात नवा साचा धरतोय. काकू, सांभाळून, तिथं ओलं आहे. काकू बाहेरच्या मोकळ्या बैठकीवर बसली, सुकाणूच्या दांड्याजवळ. बसायला उशी हवी म्हणून तो केबिनमध्ये उतरला.

आत दमट गाद्यांचा, मिठाचा, जुन्या दोरखंडांचा वास होता. बाहेरचं बोलणं एकदम लांबून आल्यासारखं ऐकू येऊ लागलं. तो मधोमध ताठ उभा राहिला. पायांखाली होडी श्वास घेत होती. इथं त्याला नेहमीच बरं वाटायचं. सगळं हाताच्या अंतरावर, सगळं त्याच्या मापाचं. जगात दुसरीकडे कुठंच नव्हतं तसं. जुन्या सवयीनं त्यानं डोक्यावर हात आडवा ठेवला. दोन बोटं. मग तो हात तिथंच राहिला. दोन बोटं त्याच्या डोक्यावर. आणि वहिनींच्याही डोक्यावर दोन बोटं. *वहिनींच्याही.* ज्या माणसानं जन्मभर पाण्याचे, लोखंडाचे, वाऱ्याचे हिशेब दशांशापर्यंत केले त्याला ही बेरीज आज, शाल अंगावर असताना, जमत होती. एकच छप्पर, पाऊण वितीचा फरक असलेली दोन माणसं, आणि दोघांच्याही डोक्यावर तीच दोन बोटं. आधी त्यानं अर्थात ते भोपळ्याच्या बोटांवर ढकललं. भोपळ्याची बोटं जाड होती. पण जाड बोटांनी जागा जास्त निघते, कमी नव्हे. मग दुसरंच काहीतरी वर आलं, इतकी वर्षं तळाशी पडून असल्यासारखं. डगला. तो पोटरीपर्यंतचा खाकी डगला. सगळ्यांना पोटरीपर्यंत येणारा डगला तिच्या अंगावर गुडघ्याच्या जरा खाली संपायचा, दाराशी उभी होती तेव्हा तसाच संपत होता. पण सांगाड्यात ती वळून उभी राहिली तेव्हा त्याची कड चांगली खाली उतरली होती, आणि ती बाहेर आल्यावर भोपळ्याच्या खांद्यावरून त्याला दिसलं होतं की कड पुन्हा वर गेलीय. त्यानं ते तेव्हाच पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि मिठी मारत राहिला होता.

तो गादीवर बसला. म्हणजे साच्यात ओरखडा राहिला नव्हता. साच्यात तिचे वाकवलेले गुडघे राहिले होते. आणि तेव्हापासून निघालेल्या प्रत्येक टिटवीत, कुठल्या कुठल्या बंदरांत, ठाऊक नसलेली उंच माणसं एका नव्या नवरीनं नवऱ्यासाठी वाकवलेल्या गुडघ्यांना कपाळ आपटत होती आणि त्याला नम्रता म्हणत होती. त्याला हसू यायला हवं होतं. अशा गोष्टीवर तो एरवी पोट धरून हसला असता. पण त्याला त्या सुरुवातीच्या फेऱ्या आठवत होत्या, तेव्हा ती यायची. केबिनच्या दारात, पायरीवर बसायची, ना आत ना बाहेर. रात्रीच्या मुक्कामाला गुडघे पोटाशी घेऊन झोपायची, कारण बिछानाही त्याच्याच लांबीचा. सकाळी उठून हळूहळू, एकेक भाग तपासत सरळ व्हायची. मग एका रविवारी म्हणाली, मला समुद्र लागतो, तू जा. त्यानं लगेच विश्वास ठेवला होता. इतक्या लगेच, की आता त्या घाईचीच लाज वाटत होती; कारण दोरखंड ओढायला एखादा मित्र न्यायची सोय झाली होती. त्यानंतर सगळे रविवार तसेच. संध्याकाळी परत येताना ती धक्क्यावर उभी दिसायची. गर्दीत एक डोकं वर, त्यामुळं फार लांबून ओळखू यायची. तो मित्रांना सांगे, दीपगृह सापडलं नाही तरी चालेल, आमची बाई सापडली की बंदर आलं. दोन माणसांची होडी. दोन बिछाने, दोन उशा, दोन कपांच्या दोन खोबणी. सगळं तिला मनात ठेवून काढलं होतं. फक्त तिला मोजलं नव्हतं.

“उशी सापडली का?” वरून तिचा आवाज आला. होडी सुटली होती. तो उशी घेऊन दारात आला आणि तिथंच, केबिनच्या तळाशी पाय आणि बाहेर डोकं, असा थांबला. शीड भरलं होतं. मुलानं दांडा काकूच्या हातात देऊन स्वतः पुढं जाऊन दोर आवरायला घेतले होते. ती होडी चालवत होती. तिचा लांब हात दांड्यावर सैल पडला होता, पाय समोरच्या बैठकीला आरामात टेकले होते. बाहेरची ही जागा भोपळ्याच्या पोटाच्या हिशेबानं रुंद ठेवलेली. त्याचे स्वतःचे पाय समोर कधी पोचले नाहीत, होडी कलली की तो घसरगुंडीवरच्या पोरासारखा खाली यायचा. तिला मात्र ती मापून शिवल्यासारखी बसली होती. वारा वाढला, होडी कलली, पाण्याचा एक फटकारा तिच्या तोंडावर आला आणि ती जोरात हसली. तिला समुद्र अजिबात लागत नव्हता. ती बसलेली, तो आत उभा. दोघांचे डोळे समोरासमोर आले होते. कुणी वाकलं नव्हतं. असं उभं राहायची ही जागा त्यानंच काढलेली होती आणि त्याला ती माहीत नव्हती.

“त्या दिवशी शेडमध्ये,” तो म्हणाला, “तू गुडघे वाकवले होतेस.”

तिनं शिडाकडे पाहिलं, दांडा थोडा सोडला. “आत्ता कळलं?”

“का?”

“तू बघत होतास माझ्याकडे. मी आत शिरताना. तुझा चेहरा अगदी वाचनालयातल्यासारखा झाला होता.” तिनं दांडा जरा ओढून घेतला. “म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम. राहू वाकून. सिनेमाला जाताना सांगू याला, की बाबा, नाही पुरत.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“बाहेर आले तर तुम्ही लोक नाचत होतात.”

“आणि नंतर?”

“नंतर साचा झाला होता,” ती म्हणाली.

वाऱ्यानं तिचे केस डोळ्यांवर येत होते, ते तिनं खांद्यानं बाजूला सारले, हात दांड्यावरून न काढता. क्षमा वगैरे शब्द त्याला फार नीटनेटके वाटले, सत्कारातल्यासारखे. तीच म्हणाली की मीही गाढवच, एकदा वाकलं की सरळ व्हायला निमित्त लागतं, ते मिळालंच नाही. आणि मग विषय बदलावा तसं म्हणाली, मला हे आवडलं असतं रे. एवढंच. तिचं तोंड पाण्यानं ओलं होतं, त्यामुळे आणखी काही असलं तर कळायला मार्ग नव्हता. तो उशी छातीशी धरून उभा राहिला. कील खाली आपलं काम करत होती. होडी जितकी कलत होती तितकी परत येत होती. माणसांना खाली असं काही लोखंड लावलेलं नसतं, हे वाक्य त्याला सुचलं, आणि ते सुचल्याबद्दल त्यानं मनातल्या मनात स्वतःला एक शिवी दिली.

धक्क्याला लागल्यावर त्यानं मुलाला बाजूला घेतलं. म्हणाला, बदल सुचवायचा आहे. छप्पर वीतभर उचल. बिछानाही लांब कर. मुलगा आधी हसला, मग तो गंभीर आहे हे पाहून त्याहून प्रेमानं हसला. “काका, छप्पर उचललं तर टिटवी राहणार नाही, खोका होईल. तुमचंच वाक्य. पत्रकाच्या पहिल्या पानावर छापलंय.” शिवाय सगळे जुने मालक, तो म्हणाला, त्या ठेंगण्या छपरावर जीव टाकतात, उचललं तर मोर्चा आणतील. काकूंना विचारा ना, त्यांनीच तर तेव्हा उभं राहून दाखवलं होतं, बाबा नेहमी सांगायचे. काकू शेजारीच उभी होती, चपलेतली वाळू झटकत. तिनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते पोराला कळलं नाही, आणि त्यानं हो धरलं. नवा साचा जुन्या साच्यावरूनच निघणार होता.

घरी येताना दोघं चालत आली. फूटपाथ लागला तशी ती सवयीनं खाली रस्त्यावर उतरली. तोही उतरला. ती म्हणाली, गाड्या आहेत, वर हो. तो वर झाला नाही. थोडं अंतर तसंच गेल्यावर एका रिक्षावाल्यानं दोघांनाही शिव्या दिल्या आणि दोघं वर झाली. दार उघडून ती चहा टाकायला गेली. तो मानचिन्ह हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. काचेची छोटी टिटवी होती, तिच्या केबिनमध्ये मुंगीलाही उभं राहता आलं नसतं. ओट्यापाशी ती कमरेत वाकून गाळणं शोधत होती. ओटा त्यानंच काढला होता, पट्टी लावून, कोपर ठेवून, स्वतःच्या मापानं. तिच्या कंबरदुखीवर त्यानं किती डॉक्टर बदलले होते, पट्टा आणला होता, वयाला दोष दिला होता. तो बघत राहिला. वरच्या कपाटाखाली ते स्टूल होतं. सांगाडा मोडल्यावर त्या प्लायवुडमधून सुतारानं करून दिलेलं, छपराच्याच तुकड्याचं. वरचा डबा काढायचा तर तो त्यावर चढे. तीही चढे, तो घरात असला की; डबा उतरवून दमल्यासारखं हुश्श करत खाली येई. एकदा, फार वर्षांपूर्वी, तो पाऊल न वाजवता आला होता आणि ती साधी उभ्या उभ्या हात वर करून डबा घेताना त्याला दिसली होती. तो गुपचूप मागं सरला होता आणि दाराबाहेर खोकला होता. मग आतून स्टूल सरकवल्याचा आवाज आला होता.

चहा उकळला. ती कपाटाकडे वळली, त्याला दारात पाहिलं आणि नकळत तिचा पाय स्टुलाकडे गेला. त्यानं पुढं होऊन ते ओट्याखाली ढकललं, भिंतीला टेकेपर्यंत. ती बघत राहिली. बोलायचं खूप होतं. त्या सगळ्या रविवारांबद्दल होतं, धक्क्यावरच्या त्या एका वर आलेल्या डोक्याबद्दल होतं, आणि शिवाय होडीच्या प्रामाणिकपणाबद्दलचं ते भारी वाक्य अजून तसंच न बोललेलं शिल्लक होतं. त्यानं मानचिन्ह ओट्यावर ठेवलं, घसा खाकरला आणि वर बघून म्हणाला,

“तो बिस्किटांचा डबा तेवढा काढून दे ना. मला पुरत नाही.”